शेवटच्या तासाचे मजूर

बायबलवरचा सिनेमा म्हटला की काय काय लागतं, याची यादी आपल्याकडे पक्की ठरलेली आहे. पांढरा झगा, त्यावर तांबडा शेला, मधोमध भांग पाडलेले लांब केस, कुठूनतरी आणलेला एक उंट, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या छापील मराठीत बोलणारे शिष्य. एवढं जमलं की "अगदी शास्त्राप्रमाणे घेतलंय हो" अशी पावती मिळते. शास्त्रात झग्याचा रंग सांगितलेला नाही आणि केसांचा भांगही नाही. चारही शुभवर्तमानांत येशू दिसायला कसा होता याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे ज्याला आपण 'शास्त्राप्रमाणे' म्हणतो ते बरंचसं कॅलेंडरांप्रमाणे असतं.

हे आज लिहायचं कारण घरचंच आहे. माझा भाचा आणि त्याच्या मंडळीतली चार-पाच पोरं मिळून पंधरा मिनिटांची एक फिल्म करताहेत. कॅमेरा म्हणजे मोबाईलच. विषय मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला. नाताळात गोंदियाच्या आसपासच्या दोन-तीन गावांत चादर बांधून दाखवायचा बेत आहे. पटकथा मला पाठवली, कारण मामा रिकामा असतो आणि मराठी तपासून देतो. मी मराठी सोडून भलतंच तपासलं, आणि आता घरच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. तिथे मुद्दा मांडायला गेलं की मध्येच कुणाचा तरी वाढदिवस येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. नातेवाईक मंडळींनी इथेच भांडावं ही विनंती.

ज्यांना दाखला ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक मळेवाला भल्या पहाटे बाजारात जातो, दिवसाची रोजी ठरवून मजूर घेऊन येतो. नऊच्या सुमारास पुन्हा जातो, आणखी काही आणतो. बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तास उरलेला असताना परत जातो, तर तिथे काही माणसं उभीच. दिवसभर रिकामे का उभे आहात, असं विचारतो. आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही, असं ते सांगतात. त्यांनाही घेऊन येतो. संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो, मजुरी दे, आणि शेवटच्यापासून सुरुवात कर. तासभर काम केलेल्यांना पूर्ण दिवसाची रोजी मिळते. सकाळपासून उन्हात राबलेल्यांना वाटतं, आपल्याला आता जास्त मिळणार. त्यांनाही तेवढीच मिळते. ते कुरकुरतात. मालक म्हणतो, जे ठरलं ते तुला दिलं, माझ्या पैशातून मी याला द्यावं असं मला वाटलं, तर तुला ते का खुपावं? बस्स. ते लोक पैसे घेऊन गेले की टाकून गेले, हे सांगितलेलं नाही.

पोरांनी गोष्ट गोंदियात आणली आहे. ग्रुपवरचा पहिला आक्षेप यालाच होता. "पवित्र शास्त्रात भाताच्या बांध्या कुठून आल्या?" असं आमच्या एका ज्येष्ठांनी विचारलं. या मुद्द्यावर मी शंभर टक्के पोरांच्या बाजूचा आहे.

इटलीच्या पाझोलिनीने १९६४ साली मत्तयाच्या शुभवर्तमानावर सिनेमा केला. हा गृहस्थ मार्क्सवादी, स्वतःला श्रद्धावान न म्हणवणारा. तो आधी पॅलेस्टाईनमध्ये जागा बघून आला आणि त्याला ती जागा उपयोगाची वाटली नाही, फार आधुनिक होऊन गेली होती. मग त्याने दक्षिण इटलीतल्या मातेरा आणि आजूबाजूच्या गरीब गावांत शूटिंग केलं. नट घेतले नाहीत, गावकरी घेतले. येशू म्हणून एक स्पॅनिश विद्यार्थी, म्हाताऱ्या मरियेच्या कामात स्वतःची आई. पण संवाद मात्र जवळजवळ सगळे मत्तयाचे, पदरचे घातले नाहीत. गंमत अशी की पुढे मेल गिब्सनने 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) काढला तोही त्याच मातेरामध्ये. त्याने तर भाषासुद्धा त्या काळच्या घेतल्या, अरामी आणि लॅटिन. कपडे, खिळे, चाबूक सगळं बारकाईनं. आणि तरी त्या सिनेमातल्या कितीतरी गोष्टी बायबलात नाहीतच. त्या अॅना कॅथरिन एमेरिक या जर्मन जोगिणीच्या नावावर छापल्या गेलेल्या दृष्टांतांतून घेतलेल्या आहेत. गाव तेच, दगड तेच. जुन्या भाषा बोलणारा सिनेमा मूळ ग्रंथापासून दूर गेला आणि इटलीच्या शेतकऱ्यांचे चेहरे दाखवणारा जवळ राहिला, असं मला तरी वाटतं.

आणि आपण मराठी माणसांनी तर जागा बदलण्याबद्दल बोलूच नये. दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तो डोळ्यांपुढून सरकत असताना मनात मात्र आपले राम-कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे आपल्या अख्ख्या सिनेमाचा जन्मच एका माणसाने येशूचा चित्रपट बघता बघता तो मनातल्या मनात आपल्या गावी आणला, त्यातून झालेला आहे. त्याच्याही तीनशे वर्षं आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने गोव्यात मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापलं. अकरा हजारांच्या घरात ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांना पूर्वीची पुराणं ऐकायची सवय होती, तर त्यांना पुराणाच्याच घाटात दिलं. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायला त्याला भीती वाटली नाही. आता चारशे वर्षांनी बांधीला घाबरायचं?

पण गोष्ट आणताना तिच्यासोबत काय काय आपोआप येतं हे बघावं लागतं, आणि इथे पोरांनी जरा घाई केली आहे.

एक, त्यांनी रोवणीचे दिवस घेतलेत. चिखल केलेली बांधी, पऱ्ह्यांच्या जुड्या, ओळीने वाकलेल्या बायका... चित्र सुंदर दिसणार यात वाद नाही. पण रोवणी म्हटली की आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला लगेच कळतं की मालकाला घाई आहे. पऱ्हे जुने होतात, बांधीतलं पाणी उतरतं, आज नाही झालं तर गेलं. मग मालक पाच वेळा माणसं आणायला का गेला? तर त्याला गरज होती म्हणून! दाखल्यात असं काहीच म्हटलेलं नाही. मालकाच्या कामाची घाई होती की नव्हती, पत्ता नाही. रोवणीने मालकाला एक सोयीचं कारण देऊन टाकलं. (शिवाय रोवणी हल्ली पुष्कळ ठिकाणी गुत्त्याने होते, टोळी एकरावर ठरवून घेते. मग रोजीचा प्रश्नच मिटला आणि दाखलाही मिटला.) मी सुचवलं की धुऱ्याचं काम घ्या, बोडीतला गाळ काढायचं घ्या, कुठलंही निवांत काम घ्या. पोरं म्हणाली, मामा, गाळात काय दिसणार? माणसं दिसतील, मी म्हटलं.

दोन, मालक कोण? मूळ दाखल्यात तो नुसता घरधनी आहे. गोंदियात नुसता घरधनी नसतो. पोरांनी त्याला झुल्यावर बसवलाय, मिशा दिल्यात, 'मालगुजारसाहेब' म्हटलंय. मालगुजारी १९५१ साली कायद्याने गेली, पण शब्द गेला नाही. तलावांच्या नावात तो आजही आहे (मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी, माझा काही संबंध नाही). आणि त्या शब्दाबरोबर वेठही आठवते. पडद्यावर असा माणूस दिसला की चादरीसमोर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मनात एक वेगळीच गोष्ट सुरू होणार. मालकाला आडनाव देऊ नका, जात कळेल असं काही देऊ नका, असं मी सांगितलं. ते शक्य आहे का, असं भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे माणूस पडद्यावर आला आणि पाणी प्यायला की लोक जात ओळखतात.

काही हरवतंही. द्राक्षमळा म्हटल्यावर मूळच्या यहुदी ऐकणाऱ्याला यशया संदेष्ट्याचा द्राक्षमळा आठवणार, त्याच्यासाठी द्राक्षमळा म्हणजे देवाचं राष्ट्र. बांधी म्हटल्यावर आपल्याला तसं काही आठवत नाही. ते गेलं. त्याला इलाज नाही, आणि नाशिकला जाऊन द्राक्षाच्या मळ्यात शूटिंग केलं तरी ते परत येत नाही.

आता खरा झगडा. पटकथेच्या दहाव्या पानावर, संध्याकाळी ठिय्यावर उभी असलेली शेवटची माणसं येतात. पोरांनी त्यांत एक लंगडा म्हातारा ठेवलाय, एक कडेवर तान्हं मूल असलेली विधवा, आणि एक टीबीतून उठलेला तरुण. एक छोटा फ्लॅशबॅकसुद्धा आहे: विधवेच्या घरात रिकामं मडकं. मग मालक येतो, मडक्यावरून कॅमेरा मालकाच्या डोळ्यांवर, डोळ्यांत पाणी. वाचताना माझ्याही डोळ्यांत आलं, खोटं कशाला सांगू. आणि नेमकं इथेच पोरांनी दाखला बदलून टाकला.

शास्त्रात शेवटची माणसं लंगडी नाहीत, विधवा नाहीत, आजारी नाहीत. ती आळशीही नाहीत. ती कशी होती हे सांगितलेलंच नाही. एवढंच आहे की त्यांना कुणी घेतलं नाही. आता विचार करा, लंगड्या म्हाताऱ्याला आणि लेकुरवाळ्या विधवेला मालकाने पूर्ण रोजी दिली, तर सकाळचे मजूर कुरकुर करतील का? आपल्याकडचा कुठलाही मजूर म्हणेल, "देऊ द्या जी, गरीब हाय बिचारी." आणि तरीही जो कुरकुरेल तो प्रेक्षकांना राक्षस वाटेल. म्हणजे मालकाने जे दिलं ते रास्त होतं, योग्य माणसाला योग्य मदत होती, असा हिशेब जुळतो. दाखला तर हिशेब न जुळण्याचा आहे! सकाळचा मजूर आणि संध्याकाळचा मजूर दोघेही धडधाकट, दोघेही सारखे, एकाला काम मिळालं आणि दुसऱ्याला मिळालं नाही, तेव्हाच सकाळच्या माणसाचा राग खरा ठरतो आणि मालकाचं देणं विचित्र वाटतं. ते विचित्र वाटलं पाहिजे. ते कुणालाही विचित्र वाटत नसेल तर आपण दुसरीच गोष्ट दाखवली.

सिनेमा या माध्यमाची ही खोडच आहे. त्याला कारण लागतं. कागदावर 'एक माणूस' असं लिहून भागतं. पडद्यावर तो माणूस कुणीतरी असावा लागतो, त्याला चेहरा, सदरा, चपला. तिथपर्यंत ठीक, ते टाळता येत नाही. पण चेहरा दिल्यावर पोटकथा द्यावीशी वाटते, पोटकथा दिली की कारण मिळतं, आणि कारण मिळालं की आपण सुटलो, असं सगळ्यांना वाटतं. हल्ली 'द चोझन' नावाची अमेरिकन मालिका फार बघितली जाते, आमच्या घरातही बघतात. लोकवर्गणीतून उभी राहिली, २०१९ पासून तिचे भाग येऊ लागले. तिच्यात प्रत्येक शिष्याला घर आहे, भांडण आहे, कर्ज आहे. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलंय की काही पात्रं, प्रसंग आणि संवाद आम्ही वाढवलेत. प्रामाणिकपणा झाला. मला ती आवडते, पेत्राच्या कर्जाचा भाग तर मी दोनदा पाहिला. पण ती बघताना एक गोष्ट सतत जाणवते: शुभवर्तमानात येशू हाक मारतो आणि कोळी जाळी टाकून निघतात. का निघाले? मार्क काहीच सांगत नाही. मालिका सांगते. आणि सांगितल्यामुळे ती हाक थोडी लहान होते.

भाच्याचं म्हणणंही इथे नीट मांडलं पाहिजे, कारण ते तोडायला सोपं नाही. तो म्हणतो, "मामा, तुम्ही घरात बसून बोलता. आपल्यासमोर चादरीपुढे बसणार आहेत ते स्वतः रोजंदारीवर जाणारे लोक. त्यांना हा दाखला माहीत नाही. दिवसभर राबलेल्याला आणि तासाभरासाठी आलेल्याला सारखेच पैसे, हे बघून ते म्हणतील की आमचीच थट्टा चालवली आहे. आणि मागे खुर्चीवर जो शेतमालक बसलेला असेल तो म्हणेल, वा, माझा पैसा, माझी मर्जी, तुमच्या शास्त्रातच लिहिलंय!"

दुसरी भीती मला जास्त खरी वाटते. मजुरी पुढे ढकलणारे, कापून देणारे, 'पुढच्या हप्त्यात बघू' म्हणणारे सगळीकडे आहेत. 'माझ्या पैशाचं मी वाटेल ते करीन' हे वाक्य मराठीत मजुराने ऐकलं आहे ते बहुतेक पैसे कमी मिळताना. तेच वाक्य येशूच्या दाखल्यातल्या मालकाच्या तोंडी घालायचं म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. पण यावर उतारा शास्त्रातच आहे आणि पटकथेत नेमका तोच गळालाय. सकाळी रोजी ठरते ती बोलणी. पोरांनी वेळ वाचवायला तो प्रसंग काढला आणि थेट काम दाखवलं. तो प्रसंग पूर्ण हवा, ठळक हवा. मालक किती देणार ते बोलतो, मजूर हो म्हणतात, आणि संध्याकाळी बरोबर तेवढेच त्यांच्या हातात पडतात, त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत. कुणाचा एक पैसा कापला गेलेला नाही. हे ज्याने नीट पाहिलं त्या खुर्चीवाल्याला 'माझी मर्जी' म्हणणं सोपं जाणार नाही, कारण पडद्यावरचा मालक मर्जीने फक्त वाढवून देतो.

आणि सकाळच्या मजुरांना त्यांचं म्हणणं पूर्ण मांडू द्या. मत्तयाने त्यांची तक्रार झाकलेली नाही. ऊन, ओझं, सगळं त्यांच्या तोंडून येतं. पोरांनी मात्र कुरकुर करणाऱ्याचं काम एका वाकड्या तोंडाच्या, तंबाखू मळणाऱ्या माणसाला दिलंय. असं नका करू. गावातला सगळ्यात सरळ, सगळ्यात कष्टाळू माणूस घ्या, आणि त्याला ते बोलू द्या. समोर बसलेल्या मजुराला वाटलं पाहिजे की हा माझंच बोलतोय. मालक त्याला उत्तर देताना मित्रा म्हणतो, झिडकारत नाही. तेवढ्या एका संबोधनासाठी चांगला नट लागेल, किंवा मग नट नसलेला एखादा चांगला माणूस.

रिकामं उभं राहण्याबद्दल एक जोडून सांगतो. ठिय्यावर दुपारनंतर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून रस्त्याने जाणारा काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक आहे: आळशी, पिणारा असेल. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्या मुळाशी एवढंच गृहीत होतं की हात रिकामे आहेत ते काम नाही म्हणून. पण त्या कामावरही दाम मोजमापाने, किती खोदलं त्यावर. आपल्याला मोजल्याशिवाय द्यायची सवयच नाही. तेंदूपत्त्याचंही तसंच, जितके पुडे तितके पैसे. त्यामुळे 'कुणी लावलंच नाही' हे शेवटच्या मजुरांचं उत्तर पडद्यावर कसं म्हटलं जातं यावर फार काही अवलंबून आहे. रडून म्हटलं तर ती विधवा परत आली. उद्धटपणे म्हटलं तर तो आळशी झाला. नुसतं सांगायचं. "आमाले कोनी बलावलंच नाही जी." संपलं.

आता भाषेचा मुद्दा आलाच आहे तर. ग्रुपवर दुसरा आक्षेप असा की शास्त्राचे शब्द झाडीबोलीत कसे? ते 'हलके' वाटतात म्हणे. बहुतेकांनी 'जीझस' (१९७९) हा सिनेमा मराठीत पाहिलेला आहे, तो त्यांचा नमुना. लूकच्या शुभवर्तमानावरून काटेकोरपणे केलेला, दोन हजारांहून जास्त भाषांत गेलेला. त्याच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण डबिंग म्हणजे दुसऱ्याच्या ओठांच्या मापाने शिवलेली भाषा. इंग्रजी वाक्य जिथे थांबतं तिथे मराठी वाक्य थांबवायचं, आणि आपलं क्रियापद तर शेवटी येतं. मग शब्द तोडावे लागतात, वळवावे लागतात, आणि येशू बातम्या वाचल्यासारखा बोलतो. पुस्तकाची मूळ ग्रीक भाषा तर पंडिती नव्हती, बाजारातली होती.

आपल्याकडे हे ज्यांना कळलं त्यांत पंडिता रमाबाई पहिल्या रांगेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून साध्या मराठीत. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने संस्कृत शब्द मुद्दाम दूर ठेवले! १९२२ साली त्या वारल्या, पुस्तक छापून पुरं झालं ते १९२४ मध्ये. आणि आमच्या बाजूला अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीत पहिल्यांदा जे शुभवर्तमान छापलं ते मत्तयाचंच होतं, आणि त्याच्या मदतीला असलेले वैजनाथ पंडित नागपूरकडचे. तेव्हा मत्तयाच्या कानाला पूर्व विदर्भ काही परका नाही. १८९३ साली नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, ती गाडीही आमच्या गोंदियावरूनच गेली. (हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. घरचे आता उठून जातात.)

तेव्हा झाडीबोलीच हवी, आणि जिथे घरात पोवारी बोलतात तिथे पोवारी. मंडईच्या दिवसांत रात्रभर झाडीपट्टीची नाटकं बघणाऱ्या माणसाला आपली बोली हलकी वाटत नाही, ती हलकी वाटते फक्त आपल्याला, शिकलेल्यांना. अट एकच, बोली आली म्हणून विनोद येता कामा नये. नाटकात बोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला टाकतात, म्हणून ही भीती.

राहता राहिला शेवट. पटकथेच्या शेवटी कुरकुर करणारा मजूर रडतो, शेवटच्या मजुराला मिठी मारतो, सगळे मिळून गातात, आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दाखल्याचा अर्थ येतो, चार ओळींत. पाळकांनी सांगितलंय म्हणे, अर्थ आलाच पाहिजे, नाहीतर लोकांना कळणार नाही. मी लहानपणी 'दयासागर' पाहिला तेव्हा मला काही कळलं नव्हतं, पण क्रूसाचा प्रसंग अजून विसरलो नाही. (मूळ तेलुगू 'करुणामयुडु', १९७८. गाणी वगैरे सगळं होतं, आणि विजयचंदर हा आपल्यासारखाच दिसणारा येशू.)

पवित्र शास्त्राला शेवट अर्धे सोडायची सवय आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप थोरल्याला समजवायला अंगणात येतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत जेवायला गेला का? ठाऊक नाही. योनाचं पुस्तक तर प्रश्नावर संपतं. निनवे शहर वाचलं म्हणून योना रुसून बसलाय, देव त्याला एक प्रश्न विचारतो, आणि पुस्तक बंद. उत्तर योनाने दिलं की नाही, कुणी लिहिलेलं नाही. तसाच हा मजूर. मालकाने त्याला विचारलं, तुला का खुपावं? त्याचं उत्तर मत्तयाने लिहिलं नाही, त्यामुळे ते भाच्याने लिहू नये. मालकाचा प्रश्न, मजुराचा चेहरा, मुठीत नोटा, कारभारी कंदील उचलून निघतो. तिथे मोबाईल बंद करायचा.